बाकावर जागा

१९९४ च्या मोसमात अवचित केमिकल्सच्या कबड्डी संघाने सलग नऊ सामने घालवले, आणि तरीही काळुराम दिसला की रोह्यातले रिक्षावाले भाडं घेत नसत. यावरून आमच्या संघाची तब्येत कळावी. हरायचो आम्ही सगळे, खेळलेला असायचा तो एकटा.

मी गोविंदा. डावा कोपरा सांभाळायचो आणि नावापुरता कर्णधार होतो. आम्ही सगळे कंपनीचे पगारी खेळाडू. दुपारपर्यंत आपापल्या खात्यात काम, त्यानंतर मैदान, आणि मोसमात व्यावसायिक गटाच्या स्पर्धा. मी बॉयलरवर होतो. काळुराम कागदोपत्री पॅकिंगला होता, पण पॅकिंगवाल्यांनी त्याला बघितला असेल तर स्पर्धेच्या फोटोतच.

चढाईला गेला की मात्र त्याच्यासारखा तोच. दोघा-तिघांना हात लावून असा परत यायचा की पंचांनाही बोट वर करायला क्षणभर उशीर व्हायचा. अडचण एकच होती. तो बाद होऊन बाहेर गेला की आम्ही उरलेले सहा जण, वीज गेल्यावर घरातली माणसं असतील तिथे थांबतात तसे उभे राहायचो. त्याला लाडावून ठेवलं कुणी? आम्हीच. मी स्वतः त्याची बॅग उचलली आहे, खोटं कशाला बोलू.

आमचे प्रशिक्षक जेकब अष्टमकर सर. नदीपलीकडे अष्टमीत त्यांचं घर. घराणं कोकणातल्या ज्यूंचं, त्यांना शनिवारी काम वर्ज्य. त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असायचा, म्हणून जुनी माणसं त्यांच्या घराला अजून शनिवार तेल्याचं घर म्हणतात. घाणा गेला, नातेवाईक एकेक करून इस्रायलला गेले, मुलगी हन्नाही गेली. सरांची बायको वारल्यापासून हन्नाचं दर महिन्याला पत्र यायचं, बाबा आता इकडे या. सर पत्र घडी करून खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "तिकडं कबड्डी नाय."

शनिवार मात्र त्यांनी सोडला नव्हता. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत सर शिट्टीला हात लावत नसत, गाडीत बसत नसत, आम्हाला एक सूचना देत नसत. रोह्यात हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे आमचा सराव शनिवारी नसायचाच.

सरांचा दुसरा नियम आमच्यासाठी होता. संघाने मैदानाच्या दहा फेऱ्या मारायच्या. त्या संपल्यावर जो येईल तो बाकावर. सराव असो नाहीतर सामना, कारण विचारायचं नाही, सांगायचं नाही, जागा बघून बसायचं. आठ सामने हा नियम काळुराम सोडून सगळ्यांना लागू होता, कारण काळुराम पेणहून यायचा, गाडी उशिरा यायची, आणि मॅनेजर हैबतराव साहेब सरांना बाजूला घेऊन सांगायचे, जाऊ द्या. गाडी वेळेवर आली तरी काळुराम उशिराच यायचा. त्याच्या रंभामावशीचा पेणला गणपतीचा कारखाना आहे, आणि मूर्तीच्या डोळ्यांची आखणी काळुरामसारखी कुणाला जमत नाही. म्हणजे तिथेही तो लाडकाच, असं आम्ही धरून चाललो होतो.

नागोठण्याच्या स्पर्धेत तो पंचवीस मिनिटं उशिरा आला. आल्या आल्या मला म्हणाला, "थांबलाव ना माझ्यासाठी?" सरांनी बाकाकडे बोट केलं. काळुरामला वाटलं चेष्टा आहे. तो अख्खा सामना बसून होता आणि आम्ही एकवीस गुणांनी हरलो. एकवीस हा आकडा हैबतराव साहेबांना फार लागला.

दुसऱ्या दिवशी काळुराम त्यांच्या केबिनमध्ये गेला. "एक तर सर, नायतर मी," एवढंच बोलला आणि पंख्याखाली बसून राहिला. साहेबांनी मग सरांना आणि कर्णधार म्हणून मला बोलावलं. "शिस्त कारखान्यात ठीक आहे सर," साहेब म्हणाले. "मैदानात मला गुण लागतात. पेणच्या स्पर्धेत पहिला सामना जिंकलात तर तुमचं तसंच चालू दे. हरलात तर एक तारखेपासून संघ काळुराम बघेल."

सर म्हणाले, "बरं." कर्णधार असून मी नुसता पंख्याकडे बघत राहिलो, त्याची मला अजून लाज वाटते.

बाहेर आल्यावर कॅन्टीनमध्ये सरांनी खिशातलं पत्र काढलं. "हन्नानं फेब्रुवारीचं तिकीट काढलंय. रद्द कर म्हणून कळवणार होतो."

"मग कळवा की, सर."

"पेण होऊ दे," ते म्हणाले आणि चहा बशीत ओतला. हा माणूस इथून गेला तर आपल्याला बोट दाखवून बस म्हणणारं कुणी उरणार नाही, हे मला त्या बशीकडे बघताना कळलं.

आमचा पेणचा सामना शुक्रवारी चार वाजताचा होता. शनिवार नको म्हणून सरांनी आयोजकांकडून तो मुद्दाम मागून घेतला होता. आम्ही दुपारच्या गाडीने पोचलो, तर मैदान गुडघाभर चिखलात. सकाळी माती बसावी म्हणून पाणी मारायला नळ सोडला होता, आणि सोडणारा कार्यकर्ता जेवायला जाऊन तिकडेच आडवा झाला होता. शुक्रवारचे सगळे सामने एक दिवस पुढे गेले. आमचा शनिवारी संध्याकाळी सहा वाजता.

सरांनी सूर्याकडे बघितलं. परतीची गाडी पकडली असती तर दिवस वाटेतच मावळला असता. पेणात त्यांच्या ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. मैदानापासून चालत जाण्याजोगं एकच घर होतं, काळुरामच्या मावशीचं. आम्ही बाकीचे शाळेत उतरणार होतो, पण रंभामावशी कमरेला पदर खोचून मैदानावरच आली होती. तिने निकाल देऊन टाकला. "सर माझ्याकडं राहतील. काळ्या, पिशवी घे त्यांची."

काळुरामने कुणाची पिशवी उचललेली मी प्रथमच बघत होतो.

मीही मागोमाग गेलो. अंगणात मूर्तींच्या रांगा लागल्या होत्या. माघी गणपती तोंडावर आला होता. पॉलिशवाल्या बायका, रंगवाले, सगळे आपापल्या जागी होते. काळुराम आत शिरला आणि सवयीने कुंचला उचलायला गेला, तर मावशी म्हणाली, "ठेव तो. त्यांचं अंग वाळलं नाय अजून. तुझी पाळी आली की सांगन." आणि आमचा काळुराम गपचूप कोपऱ्यात पाटावर बसला. मी सरांकडे बघितलं. सर मूर्तींकडे बघत नव्हते, काळुरामकडे बघत होते.

दिवस मावळायला थोडा वेळ होता. सरांनी पडवीत शनिवारसाठी काचेच्या पेल्यात तेलाची वात तयार ठेवली, मग गळ्यातली शिट्टी काढली, खिशातून खेळाडूंची यादी काढली आणि दोन्ही काळुरामच्या हातात दिलं. "उद्या तीन तारे दिसेपर्यंत संघ तू बघायचा. नियम तेच."

मी तिथेच उभा होतो. कर्णधार. मला काय वाटलं असेल ते सांगत नाही, पण शाळेत परत जाताना वाटेतल्या प्रत्येक दगडाला मी लाथ मारली. सरांनी आधीच हात टेकले असं मला वाटलं.

शनिवारी सकाळी सात वाजता काळुराम शाळेच्या मैदानात सरावाला हजर. गळ्यात शिट्टी, पायात नवे बूट, केस भिजवून बसवलेले. आम्हाला दहा फेऱ्या पळवून वर दोन मोजायला चुकल्या म्हणून पुन्हा पळवलं. आमचा जनू, चोवीस वर्षांचा आणि नुकताच संघात आलेला, सामना पुढे गेल्यावर रात्रपाळीसाठी रोह्याला परत गेला होता आणि सकाळच्या पॅसेंजरने यायचा होता. तो आला तेव्हा फेऱ्या संपून पाच मिनिटं झाली होती.

"गाडी लेट होती," जनू म्हणाला.

"कारण विचारलं का कुणी?" काळुराम म्हणाला. "आज संध्याकाळी बाकावर. नियम म्हंजे नियम."

वाक्य सरांचं, पण बोलण्यातली मिजास काळुरामची स्वतःची होती. मी म्हटलं, अरे, कालच तर शिट्टी मिळाली तुला. तो म्हणाला, "गोविंदा, शिस्तीशिवाय संघ बनत नाय." मला हसावं की रडावं कळेना.

संध्याकाळी मैदान भरलं होतं. माती वाळून लालभडक झाली होती. एका टोकाला रंभामावशीने घरून खुर्ची आणून ठेवली होती आणि सर तिच्यावर हाताची घडी घालून, गर्दीतल्या कुठल्याही म्हाताऱ्यासारखे बसले होते. मावशी स्वतः कारखान्यात गुंतली होती. ट्रकवाला तासभर आधी येऊन उभा होता आणि अकरा मूर्तींचे डोळे बाकी होते. आता हे डोळे कोण आखणार, ते सांगायला नको.

आम्ही फेऱ्या सुरू केल्या. पाच झाल्या, काळुराम नाही. आठ झाल्या. मी मुद्दाम हळू पळायला लागलो, तर मागून कुणीतरी ढकललं. दहा झाल्या. यादी काळुरामच्या खिशात, म्हणून पंच माझ्यावर खेकसत होते. तेवढ्यात तो गल्लीतून धावत आला. बोटांना काळा रंग, मागे रंभामावशी धापा टाकत.

मैदानाच्या कडेला येऊन तो थांबला. आम्ही रांगेत उभे होतो, घाम पुसत. त्याने सरांकडे बघितलं. सर समोरच्या खांबाकडे बघत होते. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी, देवाशप्पथ, त्याला खुणेने सांगणार होतो की ये, कोण बघतंय. तशी माझी सवयच होती.

बाकावर जनू एकटा बसला होता, अंगात स्वेटर घालून. नुसता थोडा सरकला आणि शेजारी जागा केली.

काळुरामने त्या जागेकडे बघितलं. मग त्याने यादी काढली, स्वतःच्या नावावर काट मारली, ती माझ्या हातात दिली आणि जनूशेजारी जाऊन बसला.

गर्दीत एकच गलका झाला. व्हीआयपी खुर्चीतून हैबतराव साहेब अर्धे उठले आणि बसले. मला एवढंच दिसत होतं, की आता आपण एकवीसने नाही, चाळीसने हरणार आणि फेब्रुवारीच्या विमानात सर बसणार.

पहिली पाच मिनिटं तशीच गेली. मग बाकावरून आवाज आला. "गोविंदा, इकडं काय बघतोस? मी हितं बसलोय, मी येनार नाय. चढाईवाल्याच्या पायाकडं बघ." मी चमकलो. खरोखरच मी दर चढाईला आधी काळुराम कुठे आहे ते बघत होतो. आम्ही सगळेच बघत होतो. आत खेळताना त्याला हे कधी दिसलं नव्हतं, आणि दिसणार तरी कसं? पुढच्या चढाईला मी पायाकडे बघितलं आणि घोटा पकडला. तो गडी माझ्यापेक्षा दीडपट होता, पण बाकीचे पाच जण धावून आले. ते धावून येतात हेही मला त्या दिवशी कळलं.

मध्यंतराला आम्ही फक्त चार गुणांनी मागे होतो. काळुरामने सगळ्यांना पाणी दिलं. मला म्हणाला, "त्यांचा उजवा कोपरा दमलाय. चढाई तिकडनं करा." स्वतः काय करेल याबद्दल अवाक्षर नाही.

दुसऱ्या डावात दिवे लागले. सामना संपायला सहा मिनिटं उरली तेव्हा एकच गुण मागे होतो. एवढं जवळचं यश कंपनीच्या नशिबात वर्षभर आलं नव्हतं, आणि ते साहेबांना सहन झालं नाही. ते खुर्ची सोडून थेट बाकापाशी आले.

"काळुराम, आत जा. माझा हुकूम समज."

काळुराम उभा राहिला, साहेबांपुढे बसून बोलणं बरं नव्हे म्हणून. "साहेब, आज संघ माझ्याकडं हाय. आन् मी काळुरामला बाहेर बसवलाय."

"अरे, काळुराम म्हणजे तूच ना?"

"व्हय. उशिरा आलेला."

साहेब तसेच वळून सरांकडे गेले. "सर, तुम्ही तरी सांगा त्याला."

सरांनी बोट वर केलं आणि आकाश दाखवलं. दोन तारे स्वच्छ दिसत होते. तिसरा मैदानावरच्या दिव्यांच्या झगमगाटात कुठे बुडाला होता कोण जाणे. मग पेणच्या त्या मैदानावर एक प्रकार घडला, जो मी एका डोळ्याने बघत होतो आणि दुसऱ्याने पकड करत होतो. अवचित केमिकल्सचे मॅनेजर डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून, मान मोडेपर्यंत वर बघत, तिसरा तारा शोधायला लागले. शेजारचे प्रेक्षकही शोधायला लागले. एकाने नारळाच्या झाडाआडून एक सापडला म्हणून सांगितलं, तो कुणाच्या तरी गच्चीवरचा बल्ब निघाला.

शेवटी तारा सापडला तो रंभामावशीला. डोळ्यांच्या बारीक कामात तिचा जन्म गेला होता. "तो काय, माज्या कौलांच्या वर," ती म्हणाली. सरांनी नीट खात्री करून घेतली. मग ते उठले, चालत बाकापाशी आले आणि हात पुढे केला. काळुरामने शिट्टी दिली.

तीन मिनिटं राहिली होती. काळुराम उभाच होता, गुडघे हलवत. इतक्या वर्षांत मी त्याच्या तोंडून कधी न ऐकलेलं वाक्य तेव्हा ऐकलं. "सर, जाऊ का आत?"

"नाय," सर म्हणाले. "जनू जाईल. तो सरावाला पाच मिनिटं उशिरा आला, दिवसभर बसला, फिटलं त्याचं. तू सामन्याला उशिरा आलास. सामना अजून चालू हाय."

काळुराम बसला. आणि मग ओरडायला लागला. जनूला उजव्या कोपऱ्यावर जा म्हणून असा ओरडला की पंचांनी त्याला ताकीद दिली. जनूने स्वेटर काढला, पंचांना विचारून एकाच्या बदली आत आला, आणि पहिल्याच चढाईत त्या दमलेल्या उजव्या कोपऱ्याला पायाचं बोट लावून परत आला. बरोबरी. त्यांची पुढची चढाई माझ्या बाजूला आली. मी पायाकडे बघितलं. बाकी सांगत नाही, स्वतःची स्तुती होते. आम्ही एका गुणाने जिंकलो.

हैबतराव साहेब दोन्ही हात पसरून आले, पण ते सरांकडे नाही, काळुरामकडे. साहेबांचं डोकं वेगळंच चाललं होतं. "काय संघ चालवलास. आता जिंकलो ते जिंकलो, एक तारखेपासून तूच प्रशिक्षक हो. सर सल्लागार राहतील."

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत शांत उभे होते.

"नको साहेब," काळुराम म्हणाला. "आज मी बसलो ते सर समोर होते म्हणून. रोज कोण बसवंल मला? मला बाहेर बसवनारा माणूस पायजे." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं आणि तो लाजून रंगाची बोटं पँटला पुसायला लागला. मावशीने पँटसाठी त्याला शिव्या घातल्या. साहेब म्हणाले, बरं, मग ठरल्याप्रमाणे. मला वाटतं, उपांत्यपूर्व फेरी गाठल्यावर त्यांनी कशालाही हो म्हटलं असतं.

रविवारी पेणच्याच मैदानावर सकाळी सातचा सराव. मी पावणेसातला पोचलो तर काळुराम पळत होता, जनू त्याच्या मागे. आम्हीही लागलो. पाच फेऱ्या झाल्या, सर आले नाहीत. दहा झाल्या. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो, कारण असं कधी घडलेलं नव्हतं.

सर सात वाजून वीस मिनिटांनी बाजाराच्या बाजूने आले, चांगले भरभर चालत. हातात परदेशी फोन लावणाऱ्या बूथचा कागद होता. "हन्नाचा फोन लागत नव्हता," ते धापा टाकत म्हणाले. "तिकीट रद्द कर म्हणून सांगायचं होतं. ती रडली, मग जरा वेळ..."

ते मधेच थांबले. आमच्या घामेजलेल्या सदऱ्यांकडे त्यांनी बघितलं, मैदानाकडे बघितलं. मग गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली आणि बाकाकडे निघाले.

काळुराम त्यांच्या आधी धावत तिथे पोचला आणि बाहीने बाकावरची धूळ पुसायला लागला.